इंजिन उतरवलेली गाडी

इझाबेल नंदाखालला लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला नखशिखांत न्याहाळून म्हटलं होतं, "पोरगी काडीसारखी आहे, बागेत कसली टिकते!" पण पहिल्याच हंगामात तिने केळीची भरलेली लोंगरं डोक्यावर घेऊन बावखलाच्या, म्हणजे बागेतल्या तळ्याच्या, निसरड्या काठावरून अशी वाहिली, की सासूने पुन्हा तो विषय काढला नाही. मान ताठ, हात मोकळे, पाऊल वाऱ्यासारखं. डोक्यावरच्या ओझ्याला हात न लावता ती वळून मागच्या बाईशी बोलायची.

तिचा नवरा मार्सेल लढाईच्या काळात लष्करी कारखान्यात फिटर होता. तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला. एक म्हणजे कुठल्याही यंत्राचं पोट उघडून बघायची खोड, आणि दुसरी म्हणजे नेमबाजी. तिथल्या एका सामन्यात त्याला नेम मारण्याबद्दल एक लहानसा चषक मिळाला होता. तो घरातल्या आल्तारावर, येशूच्या तसबिरीपुढच्या मेणबत्त्यांच्या शेजारी ठेवलेला असे. सासूला ते पसंत नव्हतं, पण चषक चांदीसारखा चकाकत होता, म्हणून चालून जाई.

वसईतल्या काही हौशी मंडळींनी मिळून नेमबाजीचा क्लब काढला होता. नाताळ आणि नव्या वर्षाचे सण उरकले, की जानेवारीतल्या एका रविवारी, देवळातल्या सकाळच्या मिस्सानंतर, राजोडीच्या वाळूवर त्यांचा वार्षिक सामना होई. ओहोटीची वेळ बघून दिवस ठरे, कारण ओली वाळू घट्ट असते. एका टोकाला वाळूचा उंच बांध रचून त्यापुढे निशाणं उभी करत. किनाऱ्यावर लाल बावटे लावत, म्हणजे होडीवाले लांबून जात. नेमबाज आधी शंभर वारांवर आडवे होऊन गोळ्या झाडत. मग सगळं सामान उचलून दोनशे वारांवर, आणि शेवटी तीनशेवर. पंच होते हिलरी मास्तर. ते शाळेत गणित शिकवत आणि सामन्यातही मुलांना बाकावर उभं करायच्या आवाजातच बोलत.

आता सामान म्हणजे काही थोडंथोडकं नसे. रायफलची लांब लाकडी पेटी, काडतुसांची पेटी, अंथरायची जाड चटई, दुर्बीण आणि तिची तिवई, पाण्याची कळशी, उन्हासाठी छत्री. नेमबाजाने ते ओझं स्वतः वाहिलं तर पुढच्या गोळ्या झाडताना हात थरथरतात. म्हणून नियमाने प्रत्येकाला एक मदतनीस नेता येई. बहुतेकांनी गडी ठरवलेले असत. पहिल्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, मार्सेलचा गडी तापाने पडला. सगळे निघायच्या तयारीत, आणि हा पेटीकडे बघत अंगणात उभा.

इझाबेलने पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "चढवा."

"लोक हसतील."

"हसू दे. लोंगरापेक्षा हलकीच आहे."

लोक हसले खरे. पण बाईची चाल बघून अर्ध्या तासात हसायचे थांबले. दुसऱ्या वर्षी कुणी गड्याचं नावही काढलं नाही. इझाबेलच गेली. पुढच्या वर्षीही तीच. ती तिची जागाच होऊन बसली.

जाऊ लिडिया तिला चिडवायची, "नवऱ्याची बंदूक वाहायला एवढी नटून कुठं चाललीस गं?" इझाबेल नुसती हसायची. तिला तिथे जायला का आवडतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

त्यांना एक मुलगी झाली होती. लिली. लढाई संपल्यानंतरच्या वर्षीची. ती रांगायला लागली, उंबऱ्याला धरून उभी राहायला लागली, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी घटसर्पाने गेली. तिला पुरून आल्यावर सासूने सगळ्यांना बसवून सांगितलं, की एवढंसं लेकरू देवदूत होतं. त्याचं नाव घेऊन घरात रडायचं नाही. आईबापाच्या आसवांनी त्याचे पंख भिजतात, मग त्याला वर उडता येत नाही. सासूच्या सासूने तिलाही असंच सांगितलं होतं. सासूचीही दोन लेकरं गेली होती. तेव्हापासून त्या घरात लिलीचं नाव कुणी घेतलं नाही. झबली बांधून कुणाला तरी देऊन टाकली. पाळणा माळ्यावर गेला.

आणि घरही असं, की नवराबायकोला चार शब्द निवांत बोलायला जागा नाही. ओटीवर दीर पॉल आणि त्याचे मित्र, स्वयंपाकघरात सासू आणि जाऊ, बागेत गडीमाणसं. रविवारी देवळात जातानासुद्धा पुरुष पुढे, बायका मागे. आत गेल्यावर ते उजवीकडे, त्या डावीकडे. नवऱ्याबरोबर खांद्याला खांदा लावून चालायचं, असं त्या काळी नंदाखालमध्ये कुणी करत नसे.

फक्त राजोडीच्या वाळूवर ते दोघं बरोबरीने चालत. तिथे वाट नव्हती, त्यामुळे कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. पहिल्या वर्षी दोनशे वारांवरून तीनशेकडे जाताना, समुद्राकडे बघत, मार्सेल एकदम म्हणाला होता, "लिली आता चालली असती."

इझाबेलच्या डोक्यावर पेटी होती. ती लांब पेटी मार्सेलला लागेल, म्हणून तिला मान वळवता आली नाही. ती फक्त "हो," म्हणाली. पण त्या एका "हो"ने तिच्या छातीवरचा दगड हलला. तिला वाटलं होतं, की तो विसरला.

मग दर वर्षी, त्याच टप्प्यात, तो एक वाक्य बोले. एका वर्षी म्हणाला, "आता ती बडबड करून डोकं उठवत असती." पुढे एकदा, "यंदा शाळेत घातली असती." ती "हो," म्हणे. तेवढ्यावर दोघांचं वर्ष निघे. वाळूवरून घरी आले, की पुन्हा ते नाव नाही.

१९५२च्या पावसाळ्यात इझाबेल बावखलाच्या पायऱ्यांवर घसरली. गुडघा असा सुजला, की महिनाभर तिला खाटेवरून उठता येईना. हाडवैद्याने लेप दिले, आगाशीच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. चालता येऊ लागलं, पण डॉक्टरांनी बजावलं, "डोक्यावर ओझं कायमचं बंद."

मार्सेलने ते ऐकलं, आणि दिवाळीनंतर तो मागच्या पडवीत ठोकाठोक करायला लागला. लष्कराच्या मोडीतून आणलेलं एक लहान पेट्रोल इंजिन घरात होतं. बावखलातलं पाणी बागेला चढवायला ते वापरत. ते त्याने केळी न्यायच्या हातगाडीवर बोल्टांनी बसवलं. पट्ट्याने मागच्या चाकाला जोडलं. पुढे एक लहान चाक आणि आडवा दांडा. गाडीवर बसायला जागा नव्हती. दांडा धरून बरोबर चालायचं आणि वळवायचं, बाकीचं ओढण्याचं काम इंजिनचं.

ज्या दिवशी ती गाडी पहिल्यांदा अंगणात फिरली, त्या दिवशी कोंबड्या शेजारच्या बागेत पळाल्या आणि सासूने क्रूसाची खूण केली. धुराच्या नळीतून असा कडकडाट, की बोललेलं कुणालाच ऐकू येईना. पॉल ओरडून म्हणाला, "सामन्याच्या दिवशी बाग तहानलेली राहणार म्हणजे!" आणि मार्सेल ओरडून म्हणाला, "एक दिवस!"

गाडी थांबली तेव्हा तो घामाने निथळत इझाबेलकडे वळला. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "बघ. आता तुला काही उचलायला नको. यायचंही कारण नाही. घरी पाय पसरून बस."

"छान झाली," इझाबेल म्हणाली, आणि भात बघायला आत गेली.

लिडिया मागोमाग आली. "तोंड का उतरलं गं तुझं? माझ्या नवऱ्याने माझ्या गुडघ्यासाठी असं काही केलं असतं तर मी देवळात मेणबत्ती लावली असती."

"मग मी कुठं नको म्हणते?"

"बरं आहे, इंजिन भाकरी मागत नाय नि उलट बोलत नाय. तुझी जागा गेली म्हण!"

लिडिया थट्टेनेच बोलली होती. पण इझाबेल चुलीपुढे बसून राहिली. लिलीला त्या वर्षी सातवं लागलं असतं. सातव्या वर्षी पोरींचं पहिलं कम्युनियन, देवळात पहिला प्रसाद घ्यायचा सोहळा. पांढरा झगा, डोक्यावर फुलं, हातात मेणबत्ती. त्या वर्षी मार्सेल ते वाक्य कसं बोलेल, याची ती पावसाळ्यापासून वाट बघत होती. खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा तेच मनात यायचं. आता ते वाक्य त्या कडकडाटात कुठून येणार? आणि हे त्याला सांगायचं तरी कसं? माणूस आपल्यासाठी दोन महिने घाम गाळतो, आणि आपण म्हणायचं, की मला तुझी गाडी नको?

सामन्याच्या दिवशी मिस्सा झाल्यावर ती चपला घालून तयार उभी राहिली. "मी येते."

"अगं, गुडघा..."

"सामान कोण बांधणार? तुम्हाला बांधता येतं होय? दुर्बीण फुटेल."

हे मात्र खरं होतं. तिने सामान गाडीवर रचलं, ते आयुष्यभर केळी रचत आली होती तसंच. खाली केळीच्या सुक्या पानांचा जाड थर, दोन वस्तूंच्या मध्ये पानं, वरून पानं, आणि सगळं सुंभाने आवळून. मुंबईला जाणाऱ्या केळ्यांना डाग लागू नये, म्हणून वसईत असंच बांधतात. तिने दुसरं काही कधी पाहिलंच नव्हतं.

वाळूवर गाडीचं स्वागत जोरात झालं. क्लेमेंट म्हणून निर्मळचा एक नेमबाज होता. दर वर्षी चषकासाठी मार्सेलची आणि त्याची चुरस. तो म्हणाला, "काय रे मार्सेल, निशाण पण इंजिनच मारणार काय?" हिलरी मास्तरांनी चष्मा वर करून गाडीभोवती एक फेरी मारली. "एक मदतनीस चालतो असं नियमात आहे. मदतनिसाला दोन पाय असावेत, असं काही लिहिलेलं नाही. चालू दे."

शंभर वारांवर मार्सेलने सुरेख नेम मारले. मग सामान चढलं, इंजिन सुरू झालं, आणि सगळ्यांच्या पुढे गाडी दोनशेकडे निघाली. मार्सेल दांडा धरून, कान इंजिनकडे लावून चालत होता. इझाबेल लंगडत मागून, धुरातून. एकदा तिने हाक मारली, "अहो!" त्याने ऐकलं नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

दोनशे वारांच्या गोळ्या झाल्या, तेव्हा मार्सेल क्लेमेंटच्या पुढे होता. राहिले तीनशे वार. हाच तो टप्पा. इझाबेलने पुन्हा सामान बांधलं, पानांचा थर नीट केला, सुंभ आवळला. मार्सेलने दोरी ओढून इंजिन सुरू केलं. दोघं निघाली. आपण उगाच आलो, असं तिच्या मनात आलं. समुद्र डावीकडे होता, ऊन चढलं होतं, आणि त्या आवाजात तिला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मग तिला चुलीचा वास आला.

घरी रोज पहाटे येतो तोच, सुकी पानं पेटल्याचा. तिने मान वर केली. गाडीच्या मागच्या बाजूने, तापलेल्या नळीवर लोंबलेल्या पानातून पिवळी जीभ वर चढत होती. दुर्बिणीच्या तिवईपर्यंत पोचली होती, आणि तिच्याशेजारी काडतुसांची पेटी.

गुडघ्याचं तिला भान राहिलं नाही. ती धावली, सुंभ ओढून तोडला, काडतुसांची पेटी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली आणि समुद्राच्या दिशेने पळत सुटली. मागे मार्सेलने वळून पाहिलं, इंजिन बंद केलं आणि ओंजळीओंजळीने वाळू फेकायला लागला. हिलरी मास्तरांची शिट्टी, लोकांची धावपळ, क्लेमेंटने फेकलेली पाण्याची कळशी. बघता बघता आग विझली. चटईचा एक कोपरा आणि इंजिनचा पट्टा जळाला होता. रायफलच्या पेटीवर काळा डाग पडला होता. बाकी सगळं शाबूत.

इझाबेल पाण्याच्या कडेला पेटी घेऊन उभी होती. मार्सेल तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातून पेटी सोडवून घेतली. "वेडी आहेस का तू?" एवढंच म्हणाला. त्याचा आवाज मात्र चढला नव्हता.

"मीच पानं घातली," ती म्हणाली. "रोज याच पानांनी चूल पेटवते, आणि गाडीच्या पोटातही चूल आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्या तरी कुठं आलं? तू बांधत होतीस तेव्हा मी सुंभ धरूनच उभा होतो."

हिलरी मास्तर आले. "मार्सेल, हे यंत्र आता मैदानावर चालायचं नाही. दारूगोळ्याशेजारी विस्तव! मीच आधी बघायला हवं होतं. सामान उचला. तिसऱ्या टप्प्याला थांबता येणार नाही, भरती लागेल. आल्बर्ट, याची पेटी घे रे."

आल्बर्ट हा क्लबचा गडी. तो पुढे झाला. मार्सेल क्षणभर आल्बर्टकडे बघत राहिला, मग इझाबेलकडे. गाडीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर तिने एक हात ठेवला होता.

मार्सेलने खिशातून पाना काढला आणि इंजिनचे बोल्ट सोडवायला बसला.

"अरे, वेळ कुठे आहे?" मास्तर म्हणाले.

"नुसती हातगाडी चालेल ना, मास्तर? विस्तव नाही काही नाही."

"चालेल. पण उशीर झाला तर गुणांच्या मोजणीआधी नेम जुळवायच्या गोळ्या मिळणार नाहीत. सांगून ठेवतो."

"मग नको मिळू दे."

आल्बर्टने आणि त्याने मिळून गरम इंजिन पोत्यात धरून उतरवलं आणि वाळूवर ठेवलं. सामान पुन्हा चढलं, या वेळी पानांशिवाय. आल्बर्ट दांड्याकडे वळला, तशी इझाबेल म्हणाली, "राहू द्या, भाऊ. आमचं आम्ही नेतो. तुम्ही ते इंजिन सांभाळा." दांड्याच्या एका बाजूला मार्सेलने हात घातले, दुसऱ्या बाजूला तिने. केळीची गाडी बागेतून काढताना दोघं जण धरतात, तसंच.

बाकीचे कधीच पुढे गेले होते. यांची चाल तिच्या गुडघ्याच्या चालीने. चाकं ओल्या वाळूत बारीक आवाज करत होती. लाटा येत होत्या, जात होत्या. इझाबेल वाट बघत होती. अर्धी वाट सरली, मार्सेल बोलेना. त्याचं लक्ष पुढच्या बावट्याकडे असावं, किंवा जळक्या पट्ट्यात. कोण जाणे. तिला वाटलं, यंदा नाही. मग तिला वाटलं, दर वर्षी त्यानेच का बोलायचं? मी फक्त "हो" म्हणत आले.

"यंदा पांढरा झगा शिवावा लागला असता," ती म्हणाली.

गाडी थांबली. मार्सेलने दांडा सोडला नाही, पण त्याची पावलं थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं. या पाच वर्षांत ते नाव निघालं, की तिच्या डोक्यावर नेहमी पेटी असायची. त्या वेळचा तिचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता.

"शिवायला कशाला?" तो म्हणाला. "तुझ्या लग्नाच्या झग्यातून निघाला असता."

"तो पिवळा पडलाय."

"मग नवा. आगाशीच्या दुकानात आहे कापड. मी पाहिलंय." आणि मग खाली बघून, "कापड बघून काय करायचं होतं कोण जाणे. पण पाहिलंय."

ती रडली. वाळूवर, उघड्यावर, लोक दोन हाकांवर असताना. त्याने तिला गप्प बस असं म्हटलं नाही. तो म्हणाला, "मला वाटायचं, तुला ऐकवत नसेल. नुसतं 'हो' म्हणतेस. म्हणून एकापेक्षा जास्त वाक्य कधी बोललो नाही."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला एकच सुचतं."

त्यावर तो हसला. डोळे पुसून तीही हसली. "पंख भिजतील तिचे," ती म्हणाली.

"समुद्रावरचं वारं आहे. सुकतील."

लांबून हिलरी मास्तरांची शिट्टी वाजत होती. दोघांनी गाडी ओढायला सुरुवात केली.

मार्सेलला नेम जुळवायच्या गोळ्या मिळाल्या नाहीत. जळक्या चटईवर आडवा होऊन त्याने तीनशे वारांचे नेम मारले ते सगळे डावीकडे गेले. चषक क्लेमेंटने नेला. मार्सेल चौथा आला, आणि त्याला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही, याचंच क्लेमेंटला जास्त वाईट वाटलं.

घरी ही बातमी त्यांच्याआधी पोचली होती. लिडिया कमरेवर हात ठेवून दारातच उभी. "काय गं, खरं सांग, मुद्दाम पेटवलीस ना गाडी?"

"तुमच्या गळ्याची शपथ, जाऊबाय, नाय."

"माझ्या कशाला, तुझ्या घे!" लिडिया म्हणाली. मग इझाबेलच्या डोळ्यांकडे बघून ती तिच्या गुडघ्याला लावायला तेल गरम करायला आत गेली.

इंजिन दुसऱ्या दिवशी परत बावखलावर बसलं. हातगाडी मात्र दर जानेवारीला वाळूवर जात राहिली, दोघांच्या हातांनी. काही वर्षांनी क्लबने सगळ्यांच्या सामानासाठी एक जुनी जीप घेतली. मागच्या बाजूला पत्रा ठोकलेला, आणि पान तर सोडाच, गवताची काडीही ठेवायची नाही असा मास्तरांचा हुकूम. मार्सेलने आपली पेटी जीपमध्ये चढवली. मास्तर इझाबेलला म्हणाले, "बाई, बसा की मागे. जागा आहे. पायाला आराम."

"नको, मास्तर. तुम्ही व्हा पुढे."

जीप सुटली. दोघं उभी राहिली, आवाज पार दूर जाईपर्यंत. मग चालायला लागली.

"यंदा ती माझ्या खांद्याला लागली असती," इझाबेल म्हणाली.

"तुझ्या कुठली? माझ्या," मार्सेल म्हणाला. "उंची आमच्या घराची."

"आणि जीभ?"

"जीभ तुमच्या घराची. ती वाढतच गेली असती."